दोन गाठींची बॅग

बोईसर स्टेशनात उतरलो तेव्हा हातात दुसऱ्याची बॅग होती. राग मात्र अस्सल माझा होता.

नागपूरचा माणूस बोईसरला हिंडायला जात नाही, हे मला मान्य आहे. मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. चाळीस वर्षं सूर (पेटीत हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी पट्ट्या) घासतो आहे, आणि घरच्यांच्या मते तेवढीच वर्षं लोकांच्या चुका काढतो आहे. पार्ल्याच्या जोगळेकरबाईंच्या पेटीचे सूर दिवाळीनंतर मी दुरुस्तीला नागपूरला नेले होते. बाई एक्याऐंशी वर्षांच्या. नजर गेलेली, पण रोज चार तास पेटीवर बसायच्या. "वासुदेव, माझी जीभच काढून नेतोयस," असं म्हणाल्या होत्या. त्या जातीचे सूर करणारा कारागीर आता उरलेला नाही. ते हरवले तर बाईंची पेटी म्हणजे नुसतं लाकडी खोकं. म्हणून एकेक सूर जुळवून, कापसात गुंडाळून लाकडी डब्यात भरला आणि डबा केबिन बॅगेत ठेवला. विमानाच्या पोटात सामान टाकायला माझं मन धजेना.

पण माझ्या सीटवरचा कप्पा आधीच भरलेला. हवाईसुंदरीने माझी बॅग सात-आठ रांगा मागे कुठेतरी कोंबली. मुंबईला विमान टेकल्याबरोबर मी उठलो, लोकांची पावलं तुडवत उलटा मागे गेलो, काळी बॅग आणि मुठीला पिवळी चिंधी एवढं पाहिलं, उचलली आणि निघालो. चिंधी बायकोच्या जुन्या साडीची होती. "काळ्या बॅगा काय, सगळ्यांच्याच असतात," असं म्हणून तिनेच ती बांधली होती.

बाईंच्या घरी बॅग उघडली तर आत एक लुंगी, दोन सदरे, दाढीचं सामान, गुडघ्याला चोळायचं मलम आणि चिकटपट्टी लावलेला एक स्टीलचा डबा. नाव नाही, पत्ता नाही. पत्ता सापडेल म्हणून मी डबाही उघडला. झाकण उचललं तसंच बाजूला ठेवलं. आत संत्राबर्फी.

आता नागपूरच्या माणसासमोर संत्राबर्फी ठेवायची आणि त्याने मत द्यायचं नाही, हे कसं जमणार? एक तुकडा खाल्ला. बाईंना एक दिला.

"करपलीय रे," बाई म्हणाल्या. "कुणाची आहे?"

"ज्याने माझी बॅग पळवली त्याची. नाशवंत आहे, ठेवून सडेलच."

"दुसऱ्याचं आहे, वासुदेव."

मी आणखी दोन तुकडे खाल्ले. साखर जास्त, दूध तळाला लागलेलं, संत्र्याचा वास नावालाच. असलं काहीतरी विकणाऱ्या दुकानाला कुलूप लावायला हवं, असं मी बाईंना सांगितलंसुद्धा.

मग सुरू झाली विमान कंपनीची आराधना. फोनवर आधी बराच वेळ एक बाई माझा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे ते सांगत राहिली. नंतर खरी मुलगी आली.

"सर, केबिन बॅगेज ही प्रवाशाची स्वतःची जबाबदारी असते."

"मग तुमच्या माणसांनी ती माझ्यापासून आठ रांगा लांब का नेली?"

"सर, आपली भावना मी समजू शकते. बॅगेत काय होतं?"

"सूर."

"सर, म्हणजे?"

"पितळेच्या पट्ट्या. पेटीच्या."

"मेटल स्क्रॅप असं लिहू का, सर?"

माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्याचं असं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी तक्रार नोंदली गेली. माझ्याजवळची बॅग विमानतळावर आणून द्या, असं तिने सुचवलं. माझी मिळाल्याशिवाय ही हातातून सुटणार नाही, असं मी बजावलं.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. माझी बॅग कुणाकडे आहे ते कळलं होतं आणि ती आणायला बोईसरच्या कुरिअर ऑफिसातून माणूसही गेला होता, पण 'संबंधित व्यक्तीने बॅग देण्यास नकार दिला.' पुढचा प्रयत्न सात कामाच्या दिवसांत. त्या व्यक्तीचं नाव? गोपनीय. गाव? तेही गोपनीय.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दिवस गुरुवारचा होता. रविवारी बाईंचे सगळे जुने विद्यार्थी पेटी ऐकायला जमणार होते. बाई रिकाम्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं फिरवत बसल्या. नुसत्या लाकडाची टकटक ऐकू येत होती. ती ऐकवेना, म्हणून शुक्रवारी सकाळी ती परकी बॅग उचलून मी बोईसरची गाडी पकडली.

बोईसरला पोचल्याचं आधी नाकाला कळतं. कारखान्यांच्या बाजूला निघालो तर दर चौकाला वास बदलतो: एकदा औषधाच्या बाटलीचा, एकदा रंगाचा, एकदा कशाचा ते सांगता येणार नाही असा. टँकरमागून टँकर जात होते. पश्चिमेला, समुद्राकडे, तारापूरचं अणुवीज केंद्र. रिक्षावाला म्हणाला, "तिकडं आत सोडत नाय कुणाला," जणू मी अणू तपासायलाच आलो होतो. चहाच्या टपरीवर मराठीत चहा मागितला, उत्तर हिंदीत आलं आणि चहा आल्याचा, फर्मास. रागावलेल्या माणसाने बोईसरचा चहा पिऊ नये, राग पातळ होतो.

कुरिअरचं ऑफिस एका गाळ्यात होतं. माझी बॅग आणायला गेलेला यादव नावाचा गृहस्थ तिथेच भेटला. नाव-पत्ता सांगता येत नाही, असं म्हणाला. मी पेटीची, बाईंची, रविवारची सगळी कहाणी ऐकवली. तो डोकं खाजवत राहिला.

"अंकल, चाचा आदमी ख़राब नहीं है. पानी पिलाया, बिठाया. पर बोले, निशानी बताओ. मैंने कंप्लेंट का नंबर बताया. बोले, नंबर तो काग़ज़ का हुआ, बैग की निशानी बता."

"निशानी? कसली निशानी?"

"वही तो. मेरे पास सिर्फ़ नंबर था." मग त्याने दाराबाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पालघर उतरके माहीम जाओ. बंदर पे नारायण तांडेल पूछ लेना."

परतीच्या पॅसेंजरला शेजारी एक डोंगराकडची बाई टोपली घेऊन बसली. टोपलीत बटाट्यासारखं काहीतरी काळपट, ओबडधोबड. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"करांदे हाय," ती म्हणाली. (करांदा हा उकडून खायचा कंद.) "खाल्लं नाय कधी? कुठलं तुमी?"

"नागपूरचा."

तिने एक उकडलेला करांदा सोलून हातावर ठेवला. आधी कडवट लागला, मग गोडसर, मग पुन्हा कडू. मत ठरेपर्यंत संपलाही. उमरोळीला गाडी जरा रेंगाळली. बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "बॅग खाली ठेवा की. पावन्याचं पोर घेतल्यावानी कवाधरून मांडीवर घेऊन बसलाव."

"माझी नाही ती," मी म्हटलं.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याचं जपून न्यावं."

तेव्हा त्या वाक्याचं मला काही वाटलं नाही.

पालघरहून माहीमला (मुंबईचं नव्हे, पालघरजवळचं) टमटम मिळाली. शहर संपलं की रस्ता एकदम सावलीत शिरतो. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ, केळी आणि मांडवांवर चढवलेल्या पानवेली. आमच्याकडे खायचं पान कळतं ते पानठेल्यावर. ते असं झावळ्यांच्या गारव्यात वाढतं, हे साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मग वाड्या मागे पडल्या, खारा वारा आला आणि बंदराशी बांबूच्या आडव्या काठ्यांवर हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले दिसले. वासाचं म्हणाल तर बोईसर बरं होतं. पण दहा मिनिटांत नाक सरावलं आणि मी बोंबील एकमेकांत कसे अडकवतात ते बघत उभा राहिलो. भांडायला आलेला माणूस बोंबील बघत उभा राहिला की भांडणाचं काय होणार!

नारायण तांडेल अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. माझ्याच वयाचे, काळेभोर, दाढी वाढलेली. माझ्या हातातली बॅग पाहून ते उठलेच. पण बोलायची पहिली पाळी मी घेतली.

"माझी बॅग तुमच्याकडे आहे. तुम्ही ती विमानातून नेली, आणि वर न्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलंत!"

"बसा, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "हिरू, पानी आन गं." त्यांची बायको हिरूबाई पाणी घेऊन आली. माझं पाणी पिऊन झालं. मग ते म्हणाले, "खूण सांगा."

"काळी बॅग. मुठीला पिवळी चिंधी."

"गाठी किती?"

बायकोने चिंधी बांधली तेव्हा मी बाजूलाच उभा होतो, तिच्या गाठीला नावं ठेवत. पण गाठी किती? चाळीस वर्षं केसाएवढा बेसूर पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या बॅगेची गाठ सांगता येईना. शेवटी नागपूरला फोन लावला.

"एकच मारली," बायको म्हणाली. "काहून? तुम्ही कधी पाहिलंच नाही का?"

फोन मोठ्या आवाजावर होता. नारायणरावांनी मान डोलावली. "आणि तुमच्या हातातल्या बॅगेला?"

मी खाली पाहिलं. पिवळी चिंधी. दोन गाठी.

"ती माझी," ते म्हणाले. "पिवळा कपडा, दोन गाठी, आमच्या होडीची खूण. जाळ्याच्या बोयावर (जाळं तरंगतं ठेवणारा डबा) हीच आसते. इमानात तुमी घाईनं मागं आलात, माझी उचलली, गेलात. मी हाक मारली, तुमी थांबला नाय. सगळी मान्सं उतरल्यावर ही एकच उरली. मी इमानातल्या पोरीला सांगितलं, ही माझी नाय. ती म्हनाली, काका, हीच तुमची, चला. बाहेर काउंटरवर नंबर लिहून दिला, ज्याची आसंल त्याला कळवा म्हटलं."

म्हणजे चोर मी होतो. बोंबाही माझ्याच होत्या.

"पण काउंटरवरच का नाही ठेवली?" मी विचारलं, आवाज बराच खाली आणून.

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "भाऊ, दर्यात जाळी सुटतात. दोर तुटला का वाहत जातात, कधी एडवणला, कधी आनखी लांब. ज्याला मिळंल तो वर घेतो, आपल्या बंदरात आनून ठेवतो. मालक येतो, खूण सांगतो, घेऊन जातो. तिसऱ्याच्या हातात द्यायचं नाय. दिलं का हरवलं. आमच्या बंदराची रीत हाय ती."

त्यांनी आतून माझी बॅग आणली. ती देवाजवळ ठेवलेली होती, वर एक धुतलेलं फडकं झाकून. चेनला बोट लावलेलंसुद्धा दिसत नव्हतं. मी लाकडी डबा उघडला. कापूस जागच्या जागी, सूर जागच्या जागी. लाज वाटण्याइतके डोळे भरून आले.

"काय हाय ते?" हिरूबाईंनी विचारलं.

मी एक सूर उचलून ओठांशी धरला आणि फुंकला. अंगणभर आवाज घुमला. जाळ्याखाली झोपलेलं मांजर उठून बसलं. "येवढ्याशा पट्टीत येवढा आवाज!" म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी आणखी एक वाजवायला लावला, मग आणखी एक.

जेवायला बसवल्याशिवाय सोडायची तर भाषाच नव्हती. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी सावजी मटण घाम पुसत खाणारा, पण माशाच्या काट्याला भिणारा. हिरूबाई म्हणाल्या, "बोंबलाचा काटा काय, नसल्यासारकाच." खरंच होतं. तीन भाकऱ्या गेल्या. पण घास गिळताना शेजारी ठेवलेल्या दोन गाठींच्या बॅगेकडे सारखं लक्ष जात होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नारायणराव, सापडलेल्या जाळ्यात मासळी असली तर?"

"ती ज्याला मिळाली त्याची. मालक येईस्तोवर सडंल ना."

मला कोण हायसं वाटलं! "मग ऐका," मी म्हटलं. "तुमची बॅग मी उघडली. डब्यातली बर्फी खाल्ली. चार तुकडे गेले."

नारायणराव मोठ्याने हसले. "मंग तुमचा वाटा तुमी घेतलाव!" पण हिरूबाई हसल्या नाहीत. त्या हात धुऊन आल्या, बॅगेतून डबा काढला आणि मांडीवर घेतला.

"आमची सुप्रिया नागपूरला नर्स हाय," नारायणराव सांगू लागले. "तिनंच मला इमानात बसवलं. बर्फी तिनं केली, आईसाठी. पयल्यांदाच."

दुकानाला कुलूप लावायला निघालो होतो मी! मान वर करवेना.

हिरूबाईंनी झाकण उघडलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तो मी पाहिलाच नव्हता. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, "आई, पहिला तुकडा तुझा."

मग डब्यातल्या चार रिकाम्या जागांकडे त्यांनी पाहिलं. रीत काहीही असो, पहिला तुकडा माझा नव्हता. शेवटी एवढंच म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

त्यांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळला. "करपली हाय," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता की मला आधी कळेचना, ही तक्रार आहे की कौतुक. "दूध ढवळता ढवळता थांबली आसंल. मीच तिला कधी चुलीशी येऊ दिली नाय. म्हटलं, तू शीक, मासळीचा हात नको तुला. तर तिनं आपलंआपलंच केलं बघा." पदराने डोळे पुसून त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "घ्या."

"नको. माझा वाटा झाला."

"तो न विचारता घेतलाव. हा मी देते."

मी घेतला. करपलेलीच होती, साखरही तेवढीच जास्त. पण या वेळी मला एकही दोष काढता आला नाही.

निघताना त्यांनी वर्तमानपत्राच्या चार थरांत, वर दोन पिशव्यांत बांधलेले सुके बोंबील माझ्या बॅगेत सुरांच्या डब्याशेजारी ठेवले. "सुप्रियाला द्या. आणि भाऊ," त्या जरा थांबल्या, "ती विचारील. पयला तुकडा आईनंच खाल्ला, असं सांगा. तुमचं काय सांगू नका."

"खोटं सांगू?"

"तिला बरं वाटंल," त्या म्हणाल्या.

शनिवारी दिवसभर बसून मी सूर पेटीत बसवले. रविवारी जोगळेकरबाईंनी भाता ओढला, षड्ज लावला आणि बोट न उचलता तसंच ठेवलं. "आली माझी जीभ," त्या म्हणाल्या. मग नाक वर करून म्हणाल्या, "वासुदेव, सुरांना माशाचा वास कसला रे?"

परतीच्या विमानाआधी तपासणीच्या जवानाने बॅग उघडायला लावली आणि उघडल्यावर तितक्याच तातडीने बंद करायला लावली. नागपूरला विमान उतरलं तेव्हा मी बसून राहिलो. सगळ्यांना उतरू दिलं. शेवटी उठून कप्प्यातली बॅग काढली, गाठ मोजली. एक. तेवढ्यात मोबाइलवर विमान कंपनीचा संदेश आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली ते लिहिलं नव्हतं. माझ्याच घाईने माझी बॅग हरवली होती, आणि ज्याला मी चोर म्हटलं त्याने ती देवाजवळ ठेवली होती. या वयात एवढं कळायला माहीमच्या बंदरापर्यंत जावं लागलं.

घरी न जाता तसाच हिरूबाईंनी दिलेल्या पत्त्यावर, दवाखान्यात गेलो. सुप्रिया ड्युटीवर होती. ठेंगणी, चटपटीत, डोळे हुबेहूब आईचे. पुडकं हातात घेताच तिने ते नाकाशी नेलं आणि तिथेच, औषधांच्या ट्रॉलीशेजारी उभ्या उभ्या खोल श्वास घेतला. बॅगांचा घोळ तिला फोनवर कळला होता. त्यावर ती भरपूर हसली. मग एकदम गंभीर झाली.

"काका, बर्फी कशी झाली होती? आई फोनवर नुसती छान छान म्हणते."

"करपली होती," मी म्हटलं. "आईंनीच सांगितलं. पण तुकडा संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत त्यांनी."

ती हसली आणि डोळे पुसले, अगदी आईसारखे. "पण पहिला तुकडा तिनेच खाल्ला ना?"

चाळीस वर्षांत एकही बेसूर सूर मी पेटीत राहू दिलेला नाही.

"हो," मी म्हणालो. "पहिला त्यांनीच खाल्ला."